बेडकाची शेपटी कुठे जाते?

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी हॉस्टेलवर होतो, पण कॉलेजात नव्हतो. ज्यांना या वाक्याचा अर्थ लगेच कळला त्यांना जास्त सांगायला नको. जे ऑल क्लिअरवाले आहेत त्यांच्यासाठी सांगतो, माझं इयर डाऊन झालं होतं. एम-थ्री, थर्मो आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स या तिघांनी मिळून मला घेरलं आणि मी गारद झालो. बरोबरची सगळी पोरं थर्ड इयरला गेली. मला रूम मिळणार नव्हती, म्हणून जुन्या रूमपार्टनरकडे पॅरासाइट म्हणून राहिलो. (रेक्टर सरांनी हे वाचून आता माफ करावं.) घरी मात्र सगळं व्यवस्थित चाललंय असंच सांगितलं होतं.

माझा पार्टनर बायोटेकचा. मेसच्या मागे पाइपलाइनसाठी खणलेला एक चर होता. त्यात पावसाचं पाणी साचून बेडूकमासे झाले होते. त्यातले चार-पाच त्याने काचेच्या बरणीत आणून खिडकीत ठेवले. तो सकाळी कॉलेजला जायचा आणि मी दिवसभर खोलीत. पुस्तक उघडवत नव्हतं, खाली जाऊन कोणाला तोंड दाखववत नव्हतं. मग त्या बरणीकडेच बघत बसायचो. आधी मागचे पाय आले, नंतर पुढचे. मग शेपटी आखूड व्हायला लागली. रोज थोडी थोडी. आठवडाभरात ती दिसेनाशी झाली आणि बरणीत नखाएवढे बेडूक राहिले.

मी पाण्यात तुटलेल्या शेपट्या शोधल्या. एकही सापडली नाही. संध्याकाळी पार्टनरला विचारलं की त्या गळून कुठे पडल्या. तो हसला. शेपटी गळत नाही, बेडूक ती आतून खाऊन टाकतो, असं त्याने सांगितलं. आणि हे खाणं मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा नीट पाहणाऱ्या माणसाचं नाव एली मेचनिकॉफ, असंही सांगितलं.

रिकामा वेळ माझ्याकडे भरपूर होता. लायब्ररीत गेलो आणि मेकॅनिकलची कपाटं सोडून पहिल्यांदाच दुसऱ्या रांगेत शिरलो. या माणसाबद्दल जे मिळेल ते वाचत सुटलो. जे वाचलं ते मला त्या दिवसांत फार उपयोगी पडलं, म्हणून हा लेख. बायोटेकवाल्यांना यातलं बरंच माहीत असेल. पण मॅगझिनमध्ये दर वर्षी आपण एडिसन आणि टेस्लावरच लिहितो, तेव्हा एखाद्या वर्षी बेडूक चालून जावा.

मेचनिकॉफचा जन्म १८४५ सालचा. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या खारकोव्हजवळच्या खेड्यातला, म्हणजे आजच्या युक्रेनमधला. वडील लष्करी अधिकारी आणि जमीनदार. पाच भावंडांत हा शेंडेफळ. लहानपणापासून झाडं, किडे, पाण्यातले जीव यांचं वेड. पुढे खारकोव्हच्या युनिव्हर्सिटीत त्याने चार वर्षांचा कोर्स दोन वर्षांत पूर्ण केला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. चार वर्षांचं इंजिनिअरिंग पाच वर्षांत करणाऱ्याला असली चरित्रं झेपत नाहीत. पण चहा पिऊन आल्यावर पुढे वाचलं आणि पुढचं वेगळंच निघालं.

पदवीनंतर तो जर्मनीत आणि इटलीत गेला. १८६५ मध्ये गीसेन इथे एका चपट्या किड्याचं निरीक्षण करताना त्याला एक गोष्ट दिसली. त्या किड्याचं अन्न पेशींच्या बाहेर पचत नव्हतं, पेशीच ते आत घेऊन पचवत होत्या. म्हणजे पेशीलाही पोट असतं. ही गोष्ट त्याने मनात ठेवून दिली. तिचं काय करायचं हे त्याला पुढची सतरा वर्षं कळलं नाही. नेपल्समध्ये कोव्हालेव्हस्की या दोस्ताबरोबर त्याने समुद्री जीवांच्या वाढीवर काम केलं, त्याबद्दल दोघांना बक्षीस मिळालं. १८७० मध्ये वयाच्या पंचविशीत तो ओडेसाला प्रोफेसर झाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की याचं सगळं मस्त चाललंय.

तसं नव्हतं. १८६९ मध्ये त्याने ल्युडमिलाशी लग्न केलं तेव्हा ती क्षयाने इतकी थकलेली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. चार वर्षं तो तिला हवापालटासाठी ठिकठिकाणी घेऊन हिंडला. पैशांची ओढाताण होती, डोळ्यांचा त्रास इतका वाढला होता की मायक्रोस्कोप बंद पडला. १८७३ च्या एप्रिलमध्ये मदेरा बेटावर ती गेली. मेचनिकॉफ तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. बायको गेली, डोळे अधू, काम बंद. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. तो वाचला. कसा प्रयत्न केला हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण सांगण्यासारखी गोष्ट ती नाही, त्यानंतरची आहे.

त्याच काळात जिनिव्हात एका रात्री तो ऱ्होन नदीच्या पुलावर होता. मनःस्थिती अजून तशीच. पुलावरच्या दिव्याभोवती पंखवाले किडे घिरट्या घालत होते. हे किडे जेमतेम काही तास जगतात, खातसुद्धा नाहीत, मग डार्विनचा निवडीचा नियम त्यांना कसा लागू पडतो, असा प्रश्न त्याच्या डोक्यात आला. प्रश्न आला आणि तो त्यात अडकला. त्या रात्री त्याला एवढंच पुरलं. हा प्रसंग त्याच्या दुसऱ्या बायकोने, ओल्गाने, त्याच्या चरित्रात लिहून ठेवला आहे.

ओल्गाचं घर ओडेसात त्याच्याच इमारतीत होतं. १८७५ मध्ये त्यांचं लग्न झालं. ती त्याच्यापेक्षा बरीच लहान, पण पुढे त्याच्या लॅबमध्ये बरोबरीने बसणारी. वाटतं की आता सगळं सुरळीत होईल. पण १८८० मध्ये ओल्गाला टायफॉइड झाला आणि ती मरता मरता वाचली. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि युनिव्हर्सिटीत राजकारण, दडपशाही, भांडणं सुरू झाली. त्याच वर्षी त्याचा भाऊ इव्हान वारला. (टॉलस्टॉयच्या इव्हान इलिचच्या मृत्यूवरच्या प्रसिद्ध कथेमागे हाच भाऊ आहे.) आणि १८८१ मध्येच मेचनिकॉफने दुसऱ्यांदा जीव पणाला लावला. या वेळी प्रयोगाच्या नावाखाली. तो गंभीर आजारी पडला आणि पुन्हा वाचला. ओल्गा लिहिते की या आजारातून उठल्यावर मात्र त्याला जगण्याची ओढ वाटायला लागली.

मी इथे थांबून एक हिशोब केला होता. १८८१ मध्ये तो पस्तीस-छत्तीसचा. तेव्हा तो गेला असता तर आज त्याचं नाव प्राणिशास्त्राच्या एखाद्या जुन्या यादीत कुठेतरी असतं. तो ज्यासाठी ओळखला जातो ते सगळंच्या सगळं यानंतर झालं.

१८८२ मध्ये त्याने ओडेसाची नोकरी सोडली. बायको आणि तिची लहान भावंडं यांना घेऊन सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात समुद्राकाठी राहायला गेला. नोकरी नाही, लॅब नाही, दिवाणखान्यातच मायक्रोस्कोप. डिसेंबरमध्ये एके दिवशी सगळं घर सर्कशीतली माकडं बघायला गेलं आणि हा एकटा घरी राहिला. ताराmाशाच्या अळीकडे बघत बसला होता. ही अळी काचेसारखी पारदर्शक असते, आतल्या फिरत्या पेशी सरळ दिसतात. बघता बघता त्याला वाटलं, या फिरत्या पेशी अन्न गिळतात तशा बाहेरून घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील का? आपल्या बोटात काटा गेला की भोवती पू होतो, तोही याचाच प्रकार असेल का? तो येरझारा घालायला लागला, मग समुद्रावर जाऊन आला.

घराच्या छोट्या बागेत गुलाब होता. त्याचे काटे काढून त्याने अळ्यांच्या कातडीखाली टोचले. रात्री झोप लागली नाही. सकाळी बघितलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केलेली. बस. प्रयोगाला लागलेलं साहित्य म्हणजे एक मायक्रोस्कोप, काही अळ्या आणि गुलाबाचे काटे. आपल्याकडे एका प्रॅक्टिकलला यापेक्षा जास्त वस्तू इश्यू करतात.

पुढच्या वर्षी व्हिएन्नाला गेल्यावर तिथल्या प्राणिशास्त्रज्ञांनी या पेशींसाठी ग्रीक नाव सुचवलं, फॅगोसाइट. आपण भक्षकपेशी म्हणू. आणि त्याच १८८३ मध्ये त्याने बेडूकमाशाची शेपटी घेतली. त्याला त्यात काय दिसलं? शेपटीतले स्नायू तुकडे तुकडे होत होते आणि भक्षकपेशी ते तुकडे गिळत होत्या. म्हणजे या पेशी फक्त बाहेरच्या शत्रूशी लढत नाहीत. शरीराला नको झालेला स्वतःचाच भागही त्या साफ करतात.

माझ्या बरणीत शेपटीचा तुकडा का सापडला नाही, याचं उत्तर हे. पण पेशीच्या आत गेलेल्या तुकड्याचं पुढे काय होतं? इथे मेचनिकॉफकडे आजच्यासारखी साधनं नव्हती. तरी त्याने एक साधी युक्ती केली. एकपेशीय जीवांना निळ्या लिटमसचे कण खायला घातले. पेशीत गेल्यावर ते कण तांबडे झाले. आपण सातवी-आठवीत परीक्षानळीत केला तोच प्रयोग, फक्त नळीच्या जागी जिवंत पेशी. पेशीच्या पोटात आम्ल आहे हे त्यावरून कळलं. ते पोट नक्की कुठे असतं ते मात्र कळलं नाही.

ते कळायला १९५५ साल उजाडावं लागलं. तेव्हा मेचनिकॉफला जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली होती. बेल्जियममधल्या लूव्हेन इथे क्रिस्तियाँ द दूव्ह उंदराच्या यकृताच्या पेशी फोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवत होता. त्याचा मूळ शोध इन्सुलिनबद्दलचा होता. एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, मात्रा त्याला अपेक्षेपेक्षा फारच कमी मिळत होती. तेच सँपल पाच दिवस फ्रिजमध्ये राहिलं आणि मात्रा एकदम वाढली. दुसऱ्या कोणी रीडिंग चुकलं म्हणून वही फाडली असती. यांनी विचार केला की विकर आधीपासूनच आहे, पण कसल्यातरी पिशवीत कोंडलेलं आहे, आणि ठेवल्या ठेवल्या पिशवी फाटली. त्या पिशवीला त्याने लायसोसोम नाव दिलं. आपल्या शाळेच्या पुस्तकातली लयकारिका ती हीच.

आता थोडं तांत्रिक. लायसोसोम म्हणजे पातळ पडद्याची बारीक पिशवी. तिच्यात प्रथिनं, चरबी, साखर, डीएनए असं सगळं तोडणारी पन्नासाहून जास्त विकरं असतात. पिशवीच्या पडद्यावर प्रोटॉनचे पंप असतात (पंप म्हटल्यावर मला जरा घरी आल्यासारखं वाटलं) आणि ते आतला पीएच साडेचार-पाचवर ठेवतात. बाहेर पेशीत तो सातच्या थोडा वर असतो. विकरं आम्लातच जोरात चालतात. त्यामुळे पिशवीतून चुकून थोडं गळलं तरी लगेच अनर्थ होत नाही. डबल सेफ्टी म्हणा ना.

शाळेत आपल्याला शिकवलं की लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या. पेशी खराब झाली की पिशवी फुटते आणि पेशी स्वतःलाच संपवते. परीक्षेत एक मार्काला हे हमखास यायचं. मीही लिहिलं होतं. पण पार्टनरने सांगितलं की खरा प्रकार इतका सरळ नाही.

१९६० च्या दशकात जॉन केर हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर उंदराच्या यकृताचा रक्तपुरवठा कमी करून बघत होता. त्याला पेशींचे दोन प्रकारचे मृत्यू दिसले. एका प्रकारात पेशी फुगून फुटत होत्या, त्यांच्या लायसोसोमही फुटलेल्या होत्या आणि आजूबाजूला सूज. दुसऱ्या प्रकारात पेशी गपचूप आकसत होती, तिचे छोटे छोटे पुडके होत होते आणि तिच्या लायसोसोम धडधाकट होत्या. म्हणजे हा शिस्तीतला मृत्यू पिशवी फुटल्यामुळे होत नव्हता. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी या दुसऱ्या प्रकाराला ॲपॉप्टोसिस हे नाव दिलं. ग्रीक शब्द आहे, अर्थ झाडावरून पानं गळणं. आपली पानगळच.

आज जे माहीत आहे ते असं. पेशी मरायची ती शरीराच्या हुकमाने. बेडकाच्या बाबतीत हुकूम थायरॉइडच्या संप्रेरकाचा असतो. मग कॅस्पेज नावाची विकरं पेशीचा सांगाडा ठरलेल्या जागी कापतात. पेशी बाहेरच्या पडद्यावर एक खूण लावते, मला घेऊन जा अशा अर्थाची. शेजारची भक्षकपेशी येते, पुडकी गिळते, आणि मग कामाला लागते लायसोसोम. पण मरणाऱ्या पेशीची नव्हे, मुख्यतः गिळणाऱ्या पेशीची. ती सगळ्याचे सुटे भाग करते आणि ते पुन्हा वापरात येतात. शेपटी जाते त्या दिवसांत बेडकाचं तोंड आणि आतडं नव्याने घडत असतं, त्याला धड खाता येत नाही. तेव्हा शेपटीतला माल त्याच्या उपयोगी पडतो. म्हणजे शेपटी कुठे जाते? बेडकातच जाते.

मरणाऱ्या पेशीच्या लायसोसोमचा यात काहीच हात नसतो असंही नाही. शेपटी आखडताना तिच्यात लायसोसोमच्या विकरांचं प्रमाण वाढतं. पडदा थोडा पाझरला तर कॅथेप्सिन नावाची विकरं बाहेर येऊन मायटोकॉन्ड्रियाच्या मार्फत पेशीला शिस्तीतल्या मृत्यूकडे ढकलू शकतात. पडदा साफ फाटला तर मात्र शिस्त उरत नाही, नुसता विध्वंस होतो. आणि सफाई झाली नाही तर काय होतं, हे २००१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. भक्षकपेशीच्या लायसोसोममधलं डीएनए तोडणारं एकच विकर ज्यांच्यात नाही अशी उंदराची पिल्लं जन्मण्याआधीच रक्तक्षयाने मेली. लाल रक्तपेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकतात. ते गिळलं जात होतं, पण पचत नव्हतं. एवढ्याशा कचऱ्याने पूर्ण प्लांट बंद पडला.

हीच लायसोसोम पेशी उपाशी पडली की तिचे जुने मोडके भाग पचवून तिला जगवते. या कामाचं कोडं उलगडल्याबद्दल ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. तेव्हा आत्मघाती पिशवी हे नाव मला आता पटत नाही. तिची बहुतेक सगळी नोकरी जगवण्याची आहे.

परत मेचनिकॉफकडे येतो. शोध लागला म्हणून त्याचे दिवस एकदम पालटले असं झालं नाही. १८८६ मध्ये ओडेसात नवी बॅक्टेरियॉलॉजिकल इन्स्टिट्यूट निघाली आणि हा तिचा डायरेक्टर झाला. पण हा प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हे. गावचे डॉक्टर त्याच्यावर टपून बसलेले. त्यात सहकाऱ्यांनी टोचलेल्या लशीने एका जमीनदाराच्या हजारो मेंढ्या मेल्या. मेचनिकॉफने हात टेकले. १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चरने त्याला आपल्या नव्या इन्स्टिट्यूटमध्ये लॅब दिली आणि पुढची अठ्ठावीस वर्षं तो तिथेच राहिला.

इथे एक धागा आपल्याकडे येतो. ओडेसातला त्याचा एक विद्यार्थी १८८९ मध्ये त्याच्यामागे पॅरिसला आला आणि पाश्चर इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत कामाला लागला. त्या मुलाचं नाव वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्याने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्याशा जागेत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ती याच्याच नावाची. परळवरून जाताना त्या पाटीकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता देतो.

पॅरिसमध्ये मेचनिकॉफला वीस वर्षं भांडावं लागलं. जर्मन मंडळींचं म्हणणं होतं की रोगजंतू मरतात ते रक्तातल्या द्रवामुळे, पेशी नुसत्या मढी उचलतात. तो एक एक प्रयोग करून उत्तर देत राहिला. शेवटी दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर निघाल्या. १९०८ चं नोबेल त्याला आणि द्रववाल्या पक्षाच्या पॉल एर्लिकला मिळून देण्यात आलं. त्याच डिसेंबरमध्ये भूकंपाने मेसिना शहर जमीनदोस्त झालं.

तो चुकलाही. म्हातारपणाबद्दल लिहिताना त्याने मोठ्या आतड्यावर फार राग धरला. तिथले जंतू विष बनवतात आणि माणसाला लवकर म्हातारं करतात, असं त्याचं मत. बल्गेरियातली माणसं दह्यामुळे दीर्घायुषी होतात असं मानून तो स्वतः रोज आंबवलेलं दूध प्यायचा. युरोपभर दह्याची साथ आली, काही सर्जन तर चक्क आतडी काढायला लागले. पुढे कळलं की त्या दह्यातला जंतू माणसाच्या आतड्यात मुक्कामच करत नाही. पण आतड्यातल्या जंतूंचा तब्येतीशी संबंध असतो, ही मूळ कल्पना आज पुन्हा जोरात आहे. आपल्या मेसचं ताक पिऊन आयुष्य वाढतं का, यावर मात्र संशोधन व्हायचं बाकी आहे.

मला त्याच्या या चुकीतही एक गोष्ट आवडली. ज्याने दोनदा जीव टाकायचं ठरवलं होतं तो साठीत माणसाने जास्त वर्षं कसं जगावं यावर पुस्तकं लिहीत होता. १९०९ मध्ये तो टॉलस्टॉयला भेटायला गेला. तरुणपणी त्याला जग वाईटच वाटायचं. म्हातारपणी तो जगाबद्दल चांगलं बोलणारा माणूस म्हणून ओळखला गेला. १५ जुलै १९१६ ला महायुद्ध चालू असताना तो पॅरिसमध्ये हृदयविकाराने गेला. वय एकाहत्तर. आजारातही स्वतःच्या लक्षणांच्या नोंदी ठेवत होता. त्याच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत ठेवल्या आहेत.

हे सगळं वाचून संपलं तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. मी आधी लिहिलं नाही, पण त्या बरणीसमोर बसून माझ्या डोक्यात नको ते विचार यायचे. आपण बॅचमधून गळलोच आहोत, आता घरावरचा एक भार कमी करावा, असले. पेशीचा ठरवून होणारा मृत्यू हा विषय मी आधी याच चष्म्यातून वाचत होतो. नको झालेला भाग निघून जातो आणि बाकीच्यांचं भलं होतं. वाचताना हे बरोबर वाटायचं.

मग लक्षात आलं की मी साफ चुकीचा फॉर्म्युला लावतोय. शेपटीतली पेशी आपल्या मनाने मरत नाही. तिला निराशा येत नाही, रिझल्ट लागत नाही. पूर्ण शरीर ते ठरवतं, आणि तेही शरीर जगावं म्हणून. माणसाच्या डोक्यात येतो तो विचार कोणाच्याही हुकमाने आलेला नसतो. घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. तो एकट्या खोलीत, अपुऱ्या झोपेवर आणि चुकीच्या डेटावर येतो. मेचनिकॉफसारख्या हुशार माणसाचा डेटासुद्धा दोन्ही वेळा चुकीचा होता. १८७३ मध्ये त्याला वाटलं सगळं संपलं. १८८१ मध्ये पुन्हा तेच वाटलं. आणि गुलाबाचा काटा अजून टोचायचाच होता.

त्या रात्री मी पार्टनरला सगळं सांगितलं. तो काही विशेष बोलला नाही, पण रात्रभर जागा राहिला आणि सकाळी त्याने माझ्या हातात फोन दिला. मी बाबांना इयर डाऊनचं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग जेवलास का म्हणून विचारलं. शनिवारी एसटीने येऊन दोन दिवस राहिले. तेव्हा रेक्टर सरांना पार्टनरचे काका म्हणून ओळख करून दिली होती, त्याबद्दलही माफी.

या वर्षी मी थर्ड इयरला आहे. थर्मो सुटला, एम-थ्री काठावर सुटला. माझ्यासारखे दर वर्षी दहा-पंधरा जण तरी असतात. कुठल्या तरी रूममध्ये दार लावून बसलेले असतात आणि घरी सगळं ठीक म्हणून सांगत असतात. तुम्ही त्यातले असाल तर आज कोणाला तरी सांगा. रूमपार्टनर, मोठा भाऊ, एखादे सर, कोणीही. कोणीच सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो. आणि तुमचा पार्टनर असा दार लावून बसला असेल तर दार वाजवा. आत जाऊन काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल.

मेसच्या मागचा तो चर आता बुजवलाय. बेडूक मात्र आहेत. परवा पहिल्या पावसात रात्रभर ओरडत होते. सबमिशनच्या आदल्या रात्री झोपमोड झाली म्हणून अख्खी विंग त्यांना शिव्या घालत होती. मी नाही घातल्या.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)